वांग्याच्या पानातली शिंपीण

लग्न होऊन यावलकडून धुळ्याला आले, तेव्हा मला पहिला प्रश्न पडला तो हा की इथला हिरवा रंग गेला कुठे. माहेरी आमच्या दारापासूनच केळीची बाग सुरू व्हायची. भर दुपारीसुद्धा तिच्यात गाळून आल्यासारखा उजेड असायचा, हिरवट आणि ओलसर, आणि पाटाच्या पाण्याचा आवाज नेमका कोणत्या बाजूने येतोय ते कळायचं नाही. त्या उजेडात मी वाढले. सासर मिळालं ते पांझरेकाठच्या एका गल्लीतलं धाब्याचं घर. वर मातीचं सपाट छप्पर, पुढे रस्ता आणि मागे एक उघडं परसू. परसू तरी कसलं, मोरीचं पाणी आपल्या मर्जीने पसरायचं ती जागा. एका कोपऱ्यात कडुनिंब, दुसऱ्या कोपऱ्यात फुटक्या विटांचा ढीग आणि मधे घुशींनी उकरून ठेवलेली बिळं. पहिल्या दिवशी मी मागचं दार उघडलं, ते सगळं पाहिलं आणि दार लावून घेतलं.

ही ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. गल्लीत एकाच घरी टीव्ही होता आणि रविवारी सकाळी अख्खी गल्ली त्या एका खोलीत मावायची.

आमच्या घरात माणसं चार. हे एसटीत कंडक्टर, म्हणजे घरात कमी आणि गाडीत जास्त. सासूबाईंना सगळी गल्ली आक्का म्हणायची, म्हणून मीही आक्काच म्हणायला लागले. आणि सासरे, आबा. आबांनी उभ्या जन्मात एकच काम केलं होतं, दुसऱ्यांच्या कपाशीवर फवारणी करायचं. पाठीवर पितळी पंप, तोंडाला रुमाल, आणि पारोळ्यापासून साक्रीपर्यंत जिथून बोलावणं येईल तिथलं शेत. तीस वर्षं त्यांनी हे केलं. आमच्याकडे फवाऱ्याच्या त्या विषाला सगळे औषधच म्हणतात. त्या औषधाने आबांच्या नाकाचा वास कायमचा गेला होता. चुलीत भरताचं वांगं भाजायला टाकलं की गल्लीच्या टोकावरचा माणूस विचारायचा, आज भरीत का? आणि आबा चुलीपाशी बसून विचारायचे, "भाजायनं का?" मला त्याचं फार वाईट वाटायचं. पण ते त्यांना सांगणार कशी? मी त्यांच्याशी बोलतच नव्हते.

बोलत नव्हते म्हणजे भांडण नव्हतं. तशी रीत होती. सुनेने सासऱ्यांसमोर डोक्यावर पदर घ्यायचा आणि तोंडाला तोंड देऊन बोलायचं नाही. "आक्का, आबांना सांगा चहा झालाय," असं मी म्हणायची. आबा दोन हातांवर बसलेले, कान शाबूत, सगळं ऐकू गेलेलं. तरी आक्का वळून तेच पुन्हा सांगायच्या आणि मगच आबा उठायचे. त्यांचं उत्तरही आक्कांच्या मार्फत यायचं. आक्का जवळ नसल्या तर आबा भिंतीशी बोलायचे. "आज मीठ जरासं जास्ती पडनं," असं अगदी गंभीरपणे भिंतीला सांगायचे आणि मी पदरात तोंड लपवून हसायची. माझा स्वभाव मूळचा तोंडाळ. मनात आलेलं ओठावर यायला मला वेळ लागत नाही. त्यामुळे ही रीत मला किती जड गेली असेल ते माझं मला माहीत.

बोलायचं नाही, तर निदान हाताला काही काम हवं. म्हणून मी परसाच्या मागे लागले.

पहिल्यांदा मोरीच्या पाण्याला वळण दिलं. खुरप्याने एक बारीक पाट काढला, तो निंबाच्या बुडाजवळून फिरवून पार कुंपणापर्यंत नेला. पाणी वाहायला लागलं तसे डास कमी झाले आणि आक्कांनी पहिल्यांदा मान हलवली. घुशींची बिळं काचांचे तुकडे आणि दगड ठासून बुजवली. उरलेल्या विटा कोपऱ्यात अशा रचल्या की खाली ओली पोकळी राहावी. आठ दिवसांत तिथे एक जाडजूड बेडूक राहायला आला. कुठून आला देव जाणे. संध्याकाळी तो पाटाच्या कडेला येऊन बसायचा आणि मी भांडी घासताना माझ्याकडे बघायचा. त्या घरात माझ्याकडे सरळ बघणारा तो पहिला, असं मी एकदा यांना म्हटलं. हे हसले नाहीत. मग म्हणाले, "मी बघतो ना." मग मीच लाजले.

कुंपणाशी झेंडू लावला, एक जास्वंद, एक लिंबू. निंबाच्या फांदीला काठ फुटलेली मातीची परळ शिंक्यात टांगली आणि तिच्यात रोज ताजं पाणी भरायला लागले. बाजरी मात्र मी आधी जमिनीवर टाकायची, चिमण्यांसाठी. ती माझी चूक. चार दिवसांत चिमण्यांच्या आधी उंदीर पोचले. आक्का कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "तू पाखरंसले जेवू घालस, आनि उंदरं मना घरमा पोट भरतस!" मग मी करवंट्यांना दोऱ्या बांधल्या आणि त्या उंच टांगल्या, दाणे मूठभरच आणि तेही सकाळीच. उंदीर गेले. चिमण्या राहिल्या. पुढे साळुंक्या आल्या, शेपटी हलवत कोतवाल आला, जास्वंदीवर तो निळा चमकणारा शिंजीर आला. दुपारी सगळं आवरलं की मी मागच्या उंबऱ्यावर डोकं टेकून बसायची. डोळे अर्धे मिटले की निंबाच्या सावलीचे ठिपके अंगावर हलायचे, पाटाचं पाणी वाजायचं आणि मला क्षणभर कळायचं नाही मी यावलला आहे की धुळ्याला. त्या तेवढ्या वेळासाठी मी दिवसभर राबायची, असं म्हटलं तरी चालेल.

हे सगळं आबा खाटेवरून बघत असायचे. त्यांना बागेत एकच गोष्ट दिसायची, कीड. त्यात त्यांचा दोष नव्हता. एका दिवशी त्यांनी मुंग्या दिसल्या म्हणून विटांभोवती कसलीशी पांढरी पावडर टाकली. दुसऱ्या सकाळी बेडूक पाटात उताणा पडलेला. मी त्या दिवशी जेवले नाही. विचारलं कोणी तर सांगायचं काय, बेडकासाठी उपास आहे? आक्कांनी ओळखलं असावं. त्यांनी आबांना काही सांगितलं का, ते मला ठाऊक नाही. पण ती पावडर पुन्हा दिसली नाही.

वांग्याचं बी मी माहेराहून आणलं होतं. आमच्याकडची भरताची वांगी पांढुरकी हिरवी, हातात घेतली तर दोन तळवे भरतील अशी. पावसाळ्यानंतर रोपं लावली, हिवाळाभर वांगी खाल्ली. आबांना त्या झाडांचा भारी अभिमान. वास येत नसला तरी चव थोडी कळायची त्यांना, भरताची तर नक्की. उन्हाळा लागला तशी बाकीची झाडं मी उपटली, पण पाटाच्या कडेचं एक झाड तसंच ठेवलं. खाली ओल मिळत होती. ते छाटल्यावर पुन्हा फुटलं आणि त्याची पानं अशी रुंद झाली की एका पानावर भाकर ठेवता यावी.

त्यात शिंपीण आली.

आधी नुसता आवाज यायचा, टुविट टुविट टुविट, एवढ्याशा जिवाला एवढा मोठा आवाज. मग एका दुपारी पाहिलं, तर ती वांग्याच्या पानाला भोकं पाडत होती. चोचीने एक भोक, पान ओढून दुसरं भोक, आणि मधून कापसाचा धागा. कापूस आमच्या गावात काय कमी! जिनिंगच्या गाड्या जायच्या त्या रस्त्यावर तो कुंपणांना लटकलेला असायचा. मी गादीतला थोडा कापूस काढून कुंपणावर अडकवला, तोही तिने नेला. तीन दिवसांत दोन पानांचा एक द्रोण शिवून झाला आणि आत मऊ गादी. हे सगळं मी उंबऱ्यावरून, न हलता पाहिलं. कधी झोप लागायची, कधी जाग असायची. अजूनही मला त्यातलं किती पाहिलं आणि किती स्वप्नात शिवलं गेलं हे नीट सांगता येत नाही.

अंडी तीन होती. पाहायला मी फक्त एकदा गेले, पान हलवलं नाही.

त्याच आठवड्यात त्या झाडाच्या शेंड्यांवर मावा पडला. पानांवर हिरव्या अळ्याही आल्या, गुंडाळलेल्या पानांत, देठांवर. मी माव्यावर चुलीतली राख उडवली, घरट्याच्या फांदीपासून लांबलांबच. निंबोळ्या भिजवून त्यांचं पाणी बाकीच्या रोपांवर शिंपडलं. अळ्यांना मी हात लावला नाही. शिंपीण आणि तिचा नर दिवसभर त्या पानांतच टिपत फिरत होते. मला त्यात समजून घ्यायला काही नव्हतं. आमच्या बागेत सगळ्यांना माहीत असायचं की पिल्लं अळ्यांवर वाढतात. मला वाटायचं, हे कोणालाही माहीत असतं.

एका सकाळी पाहते तर आबांनी खुंटीवरचा पंप काढलेला. अंगणात बसून त्याच्या नळीची जाळी पिनेने साफ करत होते. त्यांचं वांग्याचं झाड अळ्या खात होत्या, आणि त्यांची तीस वर्षं त्याच कामात गेली होती. बसणार थोडेच गप्प?

त्या घरात वर्ष होत आलं होतं आणि मी कधीच काही मागितलं नव्हतं. साडी नाही, बांगड्या नाहीत, माहेरी चार दिवस जास्त राहू द्या म्हणून नाही. मी आक्कांजवळ गेले आणि पदर पुढे ओढून, पण आवाज बाहेर अंगणात जाईल असा लावून म्हणाले, "आक्का, आबांना सांगा, त्या वांग्यावर औषध मारू नका. त्यात शिंपिणीचं घरटं आहे. तिची पिल्लं उडून जाऊ देत, मग काय करायचं ते करा. एवढं एक माझं ऐका म्हणावं."

आक्का बाहेर गेल्या आणि शब्दन् शब्द सांगितला.

आबा बराच वेळ जाळी पुसत राहिले. मग भिंतीला म्हणाले, "तीस वरीस मी आळ्या मार्‍यात. आते पाखरंसना घरकरता पंप खुट्टीले टांगू?"

भिंत काही बोलली नाही.

"बरं," ते म्हणाले. "औषध नही मारनार. सांगी दे तिले."

त्यांनी पंप परत खुंटीला लावला. आक्का आत येऊन म्हणाल्या, "आयकं ना? नही मारनार." आणि मग हळूच, "पाखरंकरता रडस का व?" मी रडत होते ते मला तेव्हा कळलं.

अंड्यांतून पिल्लं बाहेर आली आणि दोनच दिवसांत आखाजी आली. खान्देशात लेकीबाळींना माहेरची खरी ओढ लागते ती आखाजीला. अक्षय तृतीयेला घरोघर घागर भरतात, आंब्याचा रस असतो, आणि निंबांना झोके बांधून पोरी गौराईची गाणी म्हणतात. नव्या नवरीने माहेरी गेलंच पाहिजे. माझे वडील न्यायला आले. मला आनंद झाला, पण पाय मात्र परसात. त्या दोन पानांच्या द्रोणात तीन चोची, उघड्या, आत केशरी. मी निघताना आक्कांना पुन्हा सांगितलं, "आबांना आठवण करून द्या. औषध नको." आबा पुढच्या ओट्यावर होते, त्यांनी मान वळवली नाही, पण ऐकलं. आक्कांनी तिथल्या तिथे सांगितलं आणि आबा भिंतीला म्हणाले, "ध्यानमा शे."

माहेरचे ते बारा दिवस मला एखाद्या झोपेसारखे आठवतात. केळीचा हिरवा उजेड, झोक्याची दोरी, आईच्या हातचं पुरण. दुपारी बागेत अंग टाकलं की पानांतून शिंप्याचा आवाज यायचा. तो तिथला असायचा, यावलचा, तरी मी दचकून उठायची आणि विचार करायची, आता डोळे उघडले असतील, आता पिसं फुटली असतील. आई म्हणाली, "तुझं मन काही इथं नाही." खरंच नव्हतं. सासरची ओढ लागली असं तिला वाटलं आणि ती खूश झाली. मी तिला खरं काय ते सांगितलं नाही. कदाचित तिचंच खरं होतं.

येताना मी केळीचे दोन मुनवे घेतले, म्हणजे जुन्या झाडाच्या बुडाशी फुटलेले कोंब, ओल्या गोणपाटात बांधून. जळगावहून धुळ्याच्या गाडीवर कंडक्टर म्हणून हेच होते. माझ्या हातात तिकीट देताना यांनी इतकं कामाचं तोंड केलं की शेजारच्या बाईला कळलंही नसेल आमचं काय नातं आहे. पारोळ्याला गाडी रिकामी झाली. किल्ल्याच्या बाजूने गरम वारा येत होता. हे माझ्या बाकाशेजारी येऊन उभे राहिले.

"घरी सगळं बरं?" मी विचारलं.

"बरं आहे."

"आणि मागे?"

यांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाले, "आबा म्हने, तिले कोनी काही सांगू नका. मीच सांगसू."

आबा सांगणार? कोणाला? मला? ज्यांनी वर्षभरात मला मीठ जास्त पडलं एवढंसुद्धा तोंडावर सांगितलं नव्हतं? म्हणजे पंप निघाला असणार. त्यांना राहवलं नसणार. आता सांगणार काय, अळ्या वाढल्या होत्या, म्हणून मारलं? पारोळ्यापासून धुळ्यापर्यंत मी मनातल्या मनात त्यांच्याशी एवढी भांडले की जन्मात कोणाशी भांडले नाही. शेवटी घसा कोरडा पडला, एक शब्द न बोलता.

घरी पोचले तर आक्का नव्हत्या. पिठाच्या गिरणीवर गेल्या होत्या, पुढचं दार नुसतं लोटलेलं. मी पहिल्यांदा खुंटीकडे बघितलं. पंप होता. त्याच्या पट्ट्यावर धूळ बसलेली, कोळ्याचं एक जाळंसुद्धा. मला काही कळेना. डोक्यावर पदर घेऊन मी मागे गेले.

आबा वांग्याच्या झाडासमोर उपड्या बादलीवर बसले होते. झाडाच्या वर, चार काठ्यांवर, ओलं गोणपाट ताणून सावली केलेली. पान शाबूत होतं, टाके शाबूत होते. द्रोण रिकामा होता. आबांच्या हातात त्यांची तंबाखूची पत्र्याची डबी होती.

ते उठले नाहीत. भिंत तिथून चार हातांवर होती, पण त्यांनी भिंतीकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

"एक पिल्लू मनामुळे गयं, पोरी," ते म्हणाले.

मी रिकाम्या द्रोणाकडे पाहिलं.

"तू म्हने औषध मारू नका. मी नही मारं. आळ्या हाते येच्यात. बठ्ठ्या. रोज सकाय सांज. एक नही ठेवी. माले वाटनं, तू येशी, झाड देखशी, खूश व्हशी."

ते थांबत थांबत बोलत होते, न वापरलेली वाट चालल्यासारखे. मी गेल्यावर चिमटा आणि रॉकेल घातलेली वाटी घेऊन ते रोज एकेक अळी वेचत बसले होते. झाड धुतल्यासारखं स्वच्छ केलं होतं. झेंडू, लिंबू, जास्वंद, सगळं. औषधाचा एक थेंब न वापरता. शब्द पाळला होता, तोही किती मेहनतीने! मग चौथ्या की पाचव्या दिवशी त्यांच्या ध्यानात आलं की शिंपीण कुंपणापलीकडे जाते आणि रिकाम्या चोचीने परत येते. पलीकडे तरी काय होतं? उन्हाळ्यात धुळ्याच्या त्या गल्ल्यांत दगड आणि माती. पिल्लं ओरडायची, मग ओरडायची बंद झाली. दुसऱ्या सकाळी एक खाली पडलेलं होतं. मुंग्या लागलेल्या.

"तीस वरीस आळ्या मार्‍यात मी," आबा म्हणाले. "त्या कोना घास शेतस, हाई कधी ध्यानमाच उनं नही."

ते पिल्लू त्यांनी लिंबाच्या बुडाशी पुरलं. आणि त्याच दिवसापासून, उन्हं चढायच्या आत, ते पांझरेकाठच्या भाजीच्या मळ्यांत जायला लागले, हातात ही डबी घेऊन. कोबीची पानं उलटून, भेंडीची पानं उलटून अळ्या जमवायच्या. मळेवाले सगळे ओळखीचे, याच माणसाने त्यांच्या बापांच्या शेतात पंप मारलेला. ते पोट धरधरून हसायचे. एकाने विचारलं, आबा, आळ्यांचं भरीत करता की काय? आबा डबीचं झाकण लावायचे. घरी यायचे, एकेक अळी वांग्याच्या पानावर ठेवायचे आणि लांब जाऊन बसायचे. पाखरं यायची, न्यायची. ऊन फार झालं म्हणून गोणपाट बांधलं, त्यावर दिवसातून चार वेळा पाणी. आठ दिवस हे चाललं. आज पहाटेही ते गेले होते. परत आले तर द्रोण रिकामा.

मला त्यांच्यावर रागवायचं होतं. बसमध्ये सगळी तयारी झाली होती माझी. पण राग कोणावर काढू? एक वाक्य होतं फक्त. पिल्लं अळ्या खातात, आबा. एवढंच. माझ्यासारखी तोंडाळ बाई, आणि ते वाक्य मी पदराआड ठेवून माहेरी निघून गेले, कारण औषध नको एवढा निरोप मला पुरेसा वाटला. ते पिल्लू त्यांच्यामुळे गेलं असेल, तर माझ्यामुळेही गेलं. मला फार रडू आलं. त्यांच्यासमोर उभ्याने रडले.

आणि मग मी बोलले. आक्का नव्हत्या, भिंतीशी बोलायची मला सवय नव्हती.

"बाकीची दोन कुठे उडाली, आबा?"

त्यांनी हात वर केला. निंबाकडे. मी त्यांच्या बोटाच्या रोखाने पाहत राहिले. आधी नुसती पानं आणि त्यांच्यामधून पडणारं ऊन. डोळे भरलेले, त्यामुळे सगळं हिरवं एकात एक मिसळलेलं, माहेरच्यासारखं. मग एक पान हलतंय असं वाटलं, आणि ते पान नव्हतं. त्याच्या शेजारी दुसरं. शेपट्या अजून आखूड. शिंपीण त्यांच्याभोवती ओरडत होती, टुविट टुविट, आपलं एवढंसं अंग हलवून हलवून.

"दिसली," मी म्हटलं.

"दिसनीत ना?" आबा म्हणाले.

मागच्या दारात आक्का उभ्या होत्या. डोक्यावर पिठाचा डबा, एक हात डब्याला, पुढे यावं की नाही अशा. किती वेळ उभ्या होत्या कोणास ठाऊक. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं, डबा खाली ठेवला. "म्हनजे आते मनी डाक बंद," त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

आबांनी हातातली डबी उघडली. आत सकाळच्या अळ्या होत्या, कोबीच्या पानाच्या तुकड्यावर, हिरव्यागार, जिवंत. त्यांनी ती माझ्यापुढे धरली.

"आते यासनं काय करू?"

सुनेला कोणी असं विचारत नसे तेव्हा. मी झाडाकडे बघितलं. वांग्याला दोन नवीन फुलं आली होती, जांभळी. वांगी किडतील हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"सोडा झाडावर," मी म्हटलं.

आबांनी डबी पानावर उपडी केली, तळाशी चिकटलेली शेवटची अळी बोटाने हळूच सोडवली, आणि तिलाही पानावर ठेवलं.